मण्यात पाणी उतरतं तेव्हा

डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे आठ. निफाड तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत मंडपाखालून वाकूनच चालावं लागतं. जरा ताठ झालं की डोक्याला तार लागते. मामा एका खोडापुढे उकिडवे बसले होते. वरची सुटलेली, वाळकी साल त्यांनी आधी हातानंच ओरबाडून काढली. मग दोन जोडपात्यांची छोटी सुरी खोडाला टेकवून गोल फिरवली आणि मधली पट्टी नखानं उचलून ओढली. शेवईच्या जाडीची, ओली, हिरवट साल त्यांच्या बोटाभोवती गुंडाळली गेली. खाली लाकूड उघडं पडलं, पांढरं आणि गुळगुळीत. त्यावरून त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "लाकडाला लागायला नको," म्हणाले आणि पुढच्या वेलीकडे सरकले.

"वेल मरत नाही याने?" मी विचारलं.

"मरायला काय झालंय? महिनाभरात भरून येतं. तोवर घड खाऊन घेतो."

बागेत या कामाला गर्डलिंग म्हणतात. मणी ज्वारीच्या दाण्याहून जरासे मोठे झाले, की खोडावर असं एक-दोन मिलिमीटर रुंदीचं कडं काढायचं. त्या वेलीचे मणी पुढे न कापलेल्या वेलीपेक्षा जाड होतात. निर्यातीला अठरा मिलिमीटरचा मणी लागतो, तेव्हा हा खटाटोप परवडतो. मला मात्र त्या दिवशी मण्यांपेक्षा पानांचं नवल वाटलं. खोडाची साल चारी बाजूंनी तोडली होती. सालीचा एक धागासुद्धा वरपासून खालपर्यंत सलग राहिला नव्हता. तरी दुपारी, उन्हात, त्या वेलीचं एकही पान मलूल झालं नाही.

पानं टवटवीत राहिली, म्हणजे पाणी सालीतून येत नसणार. आणि मणी जाड होतात, म्हणजे सालीतून जाणारं काहीतरी वरच अडलं असणार. इतका विचार कुणालाही बांधावर बसून करता येईल. इटलीतल्या बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी या वैद्यानं सतराव्या शतकात तो केला. त्यानं झाडांच्या खोडावरून सालीची कडी काढली आणि वाट पाहिली. कड्याच्या वरच्या काठाला साल फुगून आली, खालच्या काठाला नाही. पानात काहीतरी शिजतं आणि ते सालीतून बाकीच्या झाडाला जातं, असा निष्कर्ष त्यानं काढला. त्याच्या 'अनातोमे प्लांतारुम' या ग्रंथाचा पहिला भाग १६७५ साली निघाला. प्रकाशात पान साखर बनवतं हे कळायला तेव्हा अजून शंभराहून अधिक वर्षं अवकाश होता.

शाळेच्या पुस्तकात या दोन वाटांना जलवाहिनी आणि रसवाहिनी म्हणतात. विश्वकोशाच्या भाषेत त्या प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ होतात, पण ते शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. आकृतीत एक निळा बाण वर जायचा आणि एक लाल बाण खाली यायचा. त्या आकृतीनं माझी दोन बाबतींत चांगलीच दिशाभूल केली. एक म्हणजे दोन्ही नळ्या सारख्याच वाटायच्या, फक्त बाण उलटे. प्रत्यक्षात त्यातली एक मेलेली असते आणि दुसरी जिवंत. दुसरं, लाल बाण कायम खालीच जात नाही. तो जिकडे भूक असेल तिकडे जातो.

आधी मेलेल्या वाटेचं पाहू.

ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हा बागेत एक दृश्य हमखास दिसतं. कात्री लागलेल्या काडीच्या टोकाला थेंब जमतो, जड होतो, पडतो आणि लगेच त्या जागी दुसरा येतो. जमिनीत ओल चांगली असेल तर हे दिवसचे दिवस चालतं. पहाटे गेलं तर अख्ख्या ओळीखाली ठिपके पडलेले असतात. थेंबाची चव घेतली तर जवळजवळ पाणीच.

इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या पाद्र्यानं, स्टीफन हेल्सनं, हेच पाहिलं. चुकीच्या वेळी छाटलेली एक जुनी द्राक्षवेल गळायला लागली आणि ती मरेल अशी त्याला भीती वाटली. नाना उपाय करून झाले. शेवटी त्यानं कापलेल्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा पापुद्रा घट्ट बांधला. गळती थांबायची ती राहिली बाजूला, पापुद्राच फुगून ताणला गेला. हेल्स असा माणूस होता की त्याला प्रत्येक गोष्ट मोजायची असे. घोड्याच्या रक्तवाहिनीत नळी घालून रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजणारा तोच. त्यानं वेलीच्या तोंडावर काचेच्या नळ्या एकावर एक जोडल्या. पाणी त्यांत वीस फुटांच्याही वर चढलं. १७२७ साली छापलेल्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स'मध्ये या सगळ्याच्या नोंदी आहेत.

हा दाब मुळांचा. मुळाच्या आत, जलवाहिन्यांच्या भोवती, पेशींचा एक थर असतो आणि त्या पेशींच्या भिंतींत पाणी न शिरणारा पट्टा असतो. त्यामुळे जमिनीतलं पाणी आणि क्षार भिंतींच्या फटींतून परस्पर आत घुसू शकत नाहीत. जिवंत पेशीच्या पडद्यातून, तिच्या संमतीनंच जावं लागतं. एक प्रकारचा जकात नाकाच. पेशी ऊर्जा खर्चून क्षार आत ओढतात, क्षारांच्या मागोमाग पाणी येतं, आणि रात्री पानांची रंध्रं बंद असताना ते साठून वर रेटलं जातं. हे बघायला द्राक्षबागेत जायची गरज नाही. परसातल्या अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे जो टपोरा थेंब लोंबत असतो तो बहुतेकदा दव नसतोच. तो मुळांनी रात्रभर वर ढकललेल्या पाण्याचा असतो.

पण मुळांचा रेटा हे खरं उत्तर नव्हे. पानांनी गच्च भरलेल्या वेलीची काडी भर दुपारी कापली तर थेंबही पडत नाही, उलट कापलेलं तोंड पाणी शोषून घेतं. म्हणजे ज्या वेळी वेलीला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या वेळी रेटा नाहीसाच झालेला असतो. मग पाणी चढतं कसं?

हा प्रश्न किती अवघड आहे हे विहिरीवर मोटार बसवलेल्या माणसाला अधिक चटकन कळेल. मोटार काठावर ठेवून खोल विहिरीतलं पाणी ओढता येत नाही. म्हणून जुन्या विहिरींत निम्म्यावर ओटा करून त्यावर इंजिन नाहीतर मोटार बसवलेली असे. याचं कारण मोटारीची ताकद कमी पडते हे नाही. मोटार फक्त पाइपातली हवा काढते. पाणी वर ढकलायचं काम बाहेरच्या हवेचा दाब करतो, आणि तो दहा मीटरपलीकडे पाणी चढवूच शकत नाही. व्यवहारात सात-आठ मीटरलाच गाडी अडते. कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात उंच रेडवुड ११५ मीटरच्या पुढे आहे. बारीक नळीत पाणी आपोआप चढतं, तसं इथे होत असेल म्हणावं, तर एक दशांश मिलिमीटरच्या नळीत ते कसंबसं तीस सेंटिमीटर चढतं. गुडघ्याच्याही खाली.

उत्तर १८९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये दोघांनी मांडलं. हेन्री डिक्सन वनस्पतिशास्त्रज्ञ, जॉन जॉली भौतिकशास्त्रज्ञ. ते म्हणाले, पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं, दोरासारखं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बारीक, बंद नळीत पाण्याचा अखंड धागा ताणता येतो. पानाच्या आतल्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते, ती पर्णरंध्रांतून बाहेर पडते, आणि भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतलं पाणी मागे सरकू लागलं की मागचा सगळा धागा वर खेचला जातो. मुळाच्या टोकापर्यंत. हे काम सूर्य करतो. वेल त्यासाठी स्वतःची जवळजवळ काहीच ऊर्जा घालत नाही. मुळांनी घेतलेल्या शंभर लिटर पाण्यातलं पंचाण्णव लिटरहून अधिक असं नुसतं उडून जातं. हिशेबनीस असता तर याला उधळपट्टी म्हणाला असता. पण कर्बवायू आत घ्यायचा तर रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी जाणारच.

त्या नळ्या मेलेल्या असतात म्हणूनच हे जमतं. जलवाहिनीची पेशी वाढते, लांब होते, आतून लिग्निनचा जाड थर चढवते, आणि मग मरते. आतला सगळा ऐवज विरघळून जातो, टोकांच्या भिंती जातात, उरते ती पोकळ, कडक नळी. लिग्निन नसतं तर आतल्या ओढीनं नळी स्ट्रॉसारखी चपटी झाली असती. हेच लिग्निन झाडाला उभंही करतं. आपण लाकूड म्हणतो ते म्हणजे पाणी वाहून नेण्यासाठी मेलेल्या पेशींचा ढीग, आणि त्यावरच सगळा डोलारा.

नळ्या खरंच मेलेल्या असतात की आत काही जिवंत पंप दडलेले असतात, यावर बरीच वर्षं वाद झाला. बॉनमध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यानं वीस मीटरहून उंच ओक बुंध्याशी कापून विषारी पिक्रिक आम्लात उभा केला. वाटेतल्या जिवंत पेशी विषानं मरत गेल्या, तरी द्रव शेंड्यापर्यंत चढत राहिला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांना हे पटलं नव्हतं. रस चढवण्याचं काम खोडातल्या स्पंदन करणाऱ्या जिवंत पेशी करतात, असं त्यांनी १९२३ साली एक सबंध पुस्तक लिहून मांडलं. त्यांची उपकरणं विलक्षण नाजूक होती आणि वनस्पतींतल्या विद्युत् संदेशांबद्दल ते काळाच्या पुढे होते, पण या एका बाबतीत डिक्सन-जॉली टिकले, बोस टिकले नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत बोस येतात तेव्हा ही बाजू सहसा गाळलेली असते. मला ती गाळू नये असं वाटतं.

ताणलेल्या धाग्याला एक धोका असतो: तो तुटतो. मोटारीनं हवा धरली की पाइपात पाणी असूनही वर काही येत नाही; तेच जलवाहिनीत होतं. दुष्काळी दुपारी ओढ फार वाढली की एखाद्या नळीत बुडबुडा तयार होतो आणि ती नळी बाद होते. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी संवेदक लावून तहानलेल्या पानांत धागे तुटतानाचे 'टक टक' आवाज नोंदवले. झाडात अशा हजारो नळ्या असतात आणि बाजूच्या बारीक खाचांमधून पाणी शेजारच्या नळीत वळतं, म्हणून एकेक गेल्यानं अडत नाही.

द्राक्षवेलीला ही काळजी इतर झाडांपेक्षा जास्त. काडीचा ताजा आडवा काप डोळ्यांशी धरला तर भोकं नुसत्या नजरेनं दिसतात, इतक्या तिच्या नळ्या रुंद असतात. वेलीचा स्वभावच असा की स्वतःच्या पायावर उभं राहायचं नाही. जंगलात ती दुसऱ्या झाडावर चढते, बागेत मंडपावर. कणा बांधायचा खर्च वाचतो, त्यामुळे तिला थोड्या लाकडात मोठाल्या नळ्या काढता येतात आणि बारीक खोडातून भरमसाट पानांना पाणी पाजता येतं. मात्र रुंद नळीत बुडबुडे लवकर धरतात. तेव्हा छाटणीनंतर थेंब थेंब गळणारं ते पाणी, तो मुळांचा रेटा, वेलीच्या कामाचाच आहे: नवी पानं फुटण्याआधी रिकाम्या पडलेल्या नळ्या तो पुन्हा भरून घेतो. लोखंडी अँगल, तारा, मंडपाचा लाखोंचा खर्च म्हणजे एका अर्थी वेलीनं न बांधलेलं लाकूड. ते मामांनी बांधून दिलंय.

मामांची सुरी लाकडाला लागू नये ती पाण्याची वाट लाकडात आहे म्हणूनच. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात उलटं करत. तिथे सालीबरोबर बाहेरचं ओलं लाकूडही गोल कापून टाकत, पाण्याची वाटच तोडत, आणि उभ्या जागी वाळलेला साग दोन-तीन वर्षांनी पाडत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला नदीतून तरंगत नेता येतो. दोन्हीचं नाव गर्डलिंगच. फरक फक्त कापाच्या खोलीचा.

आता सालीतली जिवंत वाट.

रसवाहिनीच्या पेशी विचित्र असतात. जिवंत, पण केंद्रक नाही. रस वाहायला जागा हवी म्हणून आतला बहुतेक संसार आवरून टाकलेला, आणि टोकाच्या भिंतींना चाळणीसारखी भोकं. प्रत्येकीच्या बाजूला एक सोबतीण पेशी असते, तिचं घर भरलेलं. दोघींचा कारभार तीच पाहते. कॅथरीन ईसाव या शास्त्रज्ञ बाईंनी याच वाटेच्या अभ्यासात आयुष्य घातलं. युक्रेनमध्ये जन्म, पुढे कॅलिफोर्निया. द्राक्षवेलीच्या रसवाहिन्यांचा ऋतुमानानुसार होणारा बदल त्यांनी १९४८ साली तपशिलात लिहिला: थंड प्रदेशात हिवाळा आला की चाळणीची भोकं कॅलोज नावाच्या पदार्थानं बुजवली जातात आणि वसंतात तोच पदार्थ विरघळून त्याच नळ्या पुन्हा वाहत्या होतात. पुष्कळ झाडांत रसवाहिन्या एका हंगामाच्या सोबती असतात. द्राक्षवेल आपल्या नळ्या जपून ठेवते.

साखर वाहते कशी, हे १९३० साली एर्न्स्ट म्यूंख या जर्मन वनशास्त्रज्ञानं पुस्तकातून मांडलं, आणि त्याचं तत्त्व शिऱ्यात घालायचे बेदाणे भिजत ठेवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, कारण आत साखर दाट आहे आणि पाणी तिच्याकडे जातं. पान रसवाहिनीत साखर भरतं. शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी तिच्यामागे आत शिरतं. बेदाण्याला फुगायला जागा असते, नळीला नसते, म्हणून आत दाब चढतो. गाडीच्या चाकातल्या हवेच्या तीन-चार पट तरी. दुसऱ्या टोकाला मणी, मुळं, कोवळे शेंडे साखर काढून घेतात, तिथला दाब उतरतो. दाबाच्या या फरकानं रस तासाला साधारण मीटरभर सरकत राहतो. साखर कुठून घ्यायची आणि कुठे रिकामी करायची एवढंच ठरतं, बाकी सगळं दाबाचं काम.

हा रस आपण पितोसुद्धा. कोकणात आणि गोव्यात माडाची पोय बांधून, ठोकून, तिचं टोक रोज पातळ कापतात आणि खाली मडकं लावतात. सकाळी त्यात जमतो तो रसवाहिनीतला रस, शंभरात बारा-पंधरा भाग साखर असलेला. ताजा असेल तर नीरा, ऊन लागलं आणि आंबला तर माडी. या माडाच्या खोडावर चढण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, तरी तो मरत नाही. त्याच्या दोन्ही वाटा सालीखाली एका कड्यात नसून खोडभर विखुरलेल्या असतात. माडाला गर्डलिंग करायला बसलात तर सुरी मोडेल, मणी काही जाड होणार नाहीत.

नीरेचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे मावा आणि पिठ्या ढेकूण. मावा केसाहून बारीक सोंड सालीत घुसवतो, नेमकी एक रसवाहिनी गाठतो, आणि मग त्याला ओढावंही लागत नाही; दाबानं रस आपोआप तोंडात येतो. १९५३ साली केंब्रिजच्या केनेडी आणि मिटलर यांनी रस पीत बसलेल्या माव्याची सोंड तशीच खुपसलेली ठेवून मावा कापून काढला, तर सोंडेतून रस तासन्‌तास ठिबकत राहिला. शास्त्रज्ञांना याहून चांगली नळी आजवर बनवता आलेली नाही. रसात साखर मुबलक पण प्रथिनांचा कच्चा माल अगदी थोडा, म्हणून किड्याला पोटापुरतं मिळवायला ढीगभर साखर प्यावी लागते आणि नको असलेली मागून टाकावी लागते. ज्वारीच्या पानांवर चिकटा पडतो तो हाच. द्राक्षाच्या घडावर पिठ्या ढेकणानं सोडलेल्या गोडीवर काळी बुरशी चढते आणि माल बाजारात जायच्या लायकीचा राहत नाही.

आता मामांचं कडं नीट दिसतं. पानांनी बनवलेली साखर एरवी घड, शेंडे, खोड आणि मुळं यांच्यात वाटली जाते. खोडावरची साल तुटली की मुळांचा वाटा बंद, तो वरच राहतो. "तोवर घड खाऊन घेतो" म्हणजे शब्दशः मुळांच्या ताटातलं खाऊन घेतो. मुळं तेवढे दिवस साठवलेल्या पिठावर काढतात. अशक्त वेलीला, पहिल्या वर्षीच्या बागेला म्हणून मामा हे करत नाहीत. कडं रुंद पडलं, वेळेत जुळलं नाही, तर मुळं उपाशी मरतात आणि त्यांच्या मागोमाग वेल.

वाटणीचा हाच हिशेब बागेत दुसऱ्या रूपानंही चालू असतो. एका घडाला पुढे पंधरा-सोळा पानं राखायची, त्यापुढचा शेंडा मारायचा. नवं पान अर्धंमुर्धं वाढेपर्यंत स्वतःच खाणारं असतं, नंतर कमावतं होतं, आणि एकदा कमावतं झालं की पुन्हा कुणाकडून घेत नाही. सावलीत पडलेलं, पिवळं पान घडाला काहीच देत नाही. म्हणून मजूर बायका घडाजवळची दाटी काढतात तेव्हा ती नुसती हवा खेळण्यासाठी नसते.

जानेवारीत पुन्हा बागेत गेलो. मणी टणक, हिरवेगार, तोंड वाकडं करणारे आंबट. आठवडा गेला आणि एके दिवशी मामांनी एक मणी चिमटीत धरून उन्हाकडे केला. "बघ, पाणी उतरलं." मणी दाबला तर मऊ लागत होता, कातडी पारदर्शक झाली होती, आतली शीर अंधुक दिसत होती. नाशिककडे याला पाणी उतरणंच म्हणतात, आणि शब्द डोळ्यांना दिसतं त्याला अचूक आहे.

आत काय घडतं ते मात्र शब्दाच्या जवळजवळ उलट. तोवर मण्याला दोन्ही वाटांनी पुरवठा होत असतो. पाणी बरंचसं जलवाहिनीतून येतं. पाणी उतरण्याच्या सुमाराला जलवाहिनीतून मण्यात येणारा ओघ अगदी मंदावतो आणि मणी जवळजवळ पूर्ण रसवाहिनीवर येतो. इथून पुढे त्यात येणारं पाणीसुद्धा साखरेबरोबर, रस म्हणून येतं. आणि जास्तीचं पाणी जुन्या जलवाहिनीतून वेलीकडे परतही जाऊ शकतं. म्हणून गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर चार-पाच दाखवणारा मणी महिना-दीड महिन्यात अठरावर जातो. नाव पाण्याचं, काम साखरेचं.

या एका बदलाचे परिणाम बागायतदाराला वर्षभर सांभाळावे लागतात. कॅल्शियम फक्त पाण्याच्या वाटेनं जातं, रसाच्या वाटेनं जवळजवळ नाहीच. मण्याची कातडी चिवट व्हायला ते लागतं, आणि वाट बंद झाल्यावर कितीही सोडलं तरी मण्यापर्यंत पोचत नाही. जे द्यायचं ते पाणी उतरण्याआधीच. मग फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला की साखरेनं भरलेला मणी भिजल्या बेदाण्यासारखा कातडीवाटे पाणी ओढतो, आणि कातडी फाटते. एका रात्रीत घड तडकलेले मी पाहिले आहेत. त्या सकाळी बागेत कुणी फारसं बोलत नाही.

पानंही याच दोन वाटांची भाषा बोलतात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम रसवाहिनीत फिरू शकतात; तुटवडा पडला की वेल जुन्या पानांतलं काढून शेंड्याला देते. म्हणून नत्र कमी पडलं की खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलत नाही, जिथे बसलं तिथेच राहतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की मामा लोहाचं औषध काढतात. पिवळं पान वेलीच्या कुठल्या मजल्यावर आहे, हे विचारल्याशिवाय खत सांगणारा दुकानदार मला कधीच पटलेला नाही. खात्री करायची तर देठ परीक्षण असतं. प्रयोगशाळेला पानं द्यायची नसतात, देठ द्यायचे असतात, कारण दोन्ही वाटांची सगळी रहदारी तिथून एका अरुंद गल्लीतून जाते.

राहिला भरून येण्याचा प्रश्न. साल आणि लाकूड यांच्या मधे पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, कॅम्बियम. साल काढली की जो बुळबुळीत ओलेपणा बोटाला लागतो तिथला. तो आतल्या बाजूला लाकूड घालत जातो, बाहेरच्या बाजूला साल. खोड जाड होतं ते याच्यामुळे. उंचीचं काम शेंड्याचं, जाडीचं याचं. गावाकडची जुनी चिंच आतून पोकळ होऊन ढोलीत पोरं लपतात, तरी वर हिरवीगार असते. तिचा जिवंत भाग कडेच्या त्या पट्ट्यातच असतो, आतलं गेलं तरी चालतं. कड्याच्या दोन्ही काठांकडून आणि उघड्या लाकडावर उरलेल्या पेशींतून नव्या पेशींचा गोळा फुगत येतो, मधे भेटतो, आणि त्यातून आधी कॅम्बियम, मग नव्या रसवाहिन्या सांधल्या जातात.

मामांची सगळी बागच अशा सांध्यावर उभी आहे. जमिनीखालची मुळं डॉगरीज नावाच्या, टेक्सासकडच्या रानटी द्राक्षाची. वरची वेल थॉमसन जातीची. खुंटाला चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवायची, पट्टी आवळायची. मधोमध बसली नाही तरी चालतं, पण निदान एका बाजूला सालीला साल मिळालीच पाहिजे, एवढं कलम बांधणारा कारागीर बजावतो. तो कॅम्बियम हा शब्द वापरत नाही.

फेब्रुवारीत माल निघाला, त्या दिवशी मी मुद्दाम त्या पहिल्या खोडाशी जाऊन बसलो. डिसेंबरचं कडं बंद झालं होतं. त्या जागी एक उंचवटा, वरचा काठ खालच्यापेक्षा जाड, माल्पिगीनं लिहिला तसाच. सुटलेली साल थोडी आणखी ओरबाडली तर खाली तसाच दुसरा उंचवटा लागला, जुना, खरखरीत. त्याच्या खाली तिसरा. मामांना विचारलं, तर ट्रॉलीत कॅरेट रचता रचता म्हणाले, "दर साली तीन बोटं वर घेतो. जुन्यावर सुरी चालत नाही."